कमरेत साडेतीन इंच

"वैनी, फ्रॉक ढिला न्हाय. पोरगी आटाय लागलीया. जरा बघा की."

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चिमणाबाई असं म्हणाल्या तेव्हा मी स्वप्नालीच्या कमरेपाशी टाचण्या लावत होते. मला हसू आलं. "मावशी, यंदा सगळ्यांचेच ढिले आहेत. तुमच्या नातवाच्या चड्डीत तर दोघं मावतील."

"त्येची चड्डी मोठी हाय. हिचं तसं न्हाय," म्हणत त्या पातेल्याकडे वळल्या.

पण ढिले सगळ्यांचेच होते, हे खरं. कसबा बावड्यातल्या आमच्या सरकारी शाळेत त्या वर्षी गणवेश तयार शिवून वरून आले, तेही जुलै लागल्यावर. कुणाचा खांदा कोपरापाशी, कुणाची चड्डी पोटरीवर. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य, घरात शिलाई मशीन; फ्रॉक आत घ्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्यात मुख्याध्यापकांनी नियम केला. पंधरा ऑगस्टच्या कवायतीत पहिल्या रांगेत तोच, ज्याचा गणवेश अंगाला नीट बसेल. फोटो वर पाठवायचे होते. बैठकीत त्या नियमाला मीही हात वर केला होता.

स्वप्नाली माझ्या मधुवंतीच्या वर्गात, चौथीत, तिच्याच बाकावर. पहिल्या रांगेसाठी तिचा जीव तुटत होता. महिन्याभरात तीनदा माझ्या दारात आली.

"काकू, अजून एकदा टाका घाला की. सर म्हणत्यात, परत लोंबतोय."

"अगं, परवाच घेतला ना आत? वाळतेस की काय?"

"मी न्हाय काकू, फ्रॉकच वाढाय लागलाय!"

दोघी खूप हसलो. मी टेप लावली, टाचण्या लावल्या, मशीन चालवलं. शिलाई सरळ आली म्हणून मला बरंही वाटलं.

मी तशी निष्काळजी बाई नाही. मधुवंती खोकली की तिचे श्वास मोजत बसते. पाणी उकळून, गाळून देते. म्हणून ती एकदा कुरकुरली, "आई, स्वप्नाली माझं पण पाणी संपवते. आणि सारखी बाहेर जायला मागते, बाई ओरडतात तिला," तेव्हा मी लगेच तिच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि बजावलं, "उष्टं चालायचं नाही. आपली बाटली कुणाला द्यायची नाही."

एवढंच सुचलं मला.

तिची आई वर्षाराणी गोठ्यावर धारा काढायला जायची. एकदा फाटकापाशी मी म्हटलं, स्वप्नाली बारीक झाली का हो? "उंचीला लागलीया ताई," ती म्हणाली. मला ते उत्तर सोयीचं होतं.

पंधरा ऑगस्टला स्वप्नाली पहिल्या रांगेत उभी राहिली. निळा फ्रॉक जणू तिच्यासाठीच बेतलेला. मी फोटो काढला. तिसऱ्या कवायतीला ती खाली बसली, मग तिथंच आडवी झाली. "उपाशी आली असंल," कुणीतरी म्हणालं. मी धावत जाऊन साखरपाणी केलं. ती घटाघटा प्यायली. "अजून," म्हणाली. मी अजून दिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, तर यंत्रात आकडाच मावेना. त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" वर्षाराणीच्या घरात वजनकाटा कुठला! उत्तर माझ्याकडे होतं.

"जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून," मी म्हणाले. "कमरेत साडेतीन इंच."

"तुम्ही कोण हिच्या?"

"फ्रॉक आत घेते मी."

मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. इन्सुलिनवर आकृतीसह उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. बारीक होणं, तहान लागणं, सारखं लघवीला जाणं. त्याच क्रमाने.

तिसऱ्या दिवशी स्वप्नाली गेली.

चिमणाबाईंनी मला कधी, 'म्हटलं नव्हतं?' असं विचारलं नाही. त्या फक्त माझ्या हातातली टेप दिसली की मान फिरवतात.

महिन्याने वर्षाराणी तो फ्रॉक घेऊन आली. धाकट्या मोनाला घेऊन ती कायमची माहेरी, गडहिंग्लजकडे निघाली होती. तिथल्या शाळेतही हाच गणवेश होता. मी कात्री घेऊन टाके उसवायला बसले. तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या ताई. मोनाला असाच बसतोय."

मोना दुसरीत होती. सात वर्षांची. चौथीतल्या बहिणीचा फ्रॉक तिला कुठेही ढिला नव्हता.

सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल तर दुसरीकडेही लक्ष ठेवावं लागतं, हे मी त्या दिवशी वर्षाराणीला सांगायला हवं होतं. मी फ्रॉकची घडी घालून दिली. आता तिचा फोन लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी गडहिंग्लजच्या बाजूला राहत असेल, तर सरकारी शाळेत एकदा जाऊन या. मोना आता तिसरीत असेल. डाव्या भुवईवर तीळ आहे. तिच्या निळ्या फ्रॉकच्या कमरेला आतून तीन शिलाया असतील, एकीत एक, सरळ. तो तिला अजून घट्ट व्हायला लागला नसेल, तर कृपा करून वर्षाराणीला गाठा. आणि मोनाला विचारा, बाळा, तहान फार लागते का गं?