जुलैतले बास

उपासनाची आई गिरजाबाई पवनीहून अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन महिना होत आला होता, तरी मुलगी नेमकं काय काम करते हे तिला नीटसं उमगलं नव्हतं. नागपूरच्या बहिणीला ती फोनवर सांगायची, "पोरगी मासोळ्यांची डॉक्टर आहे," आणि सांगता सांगता स्वतःच हसायची. ती स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात आणि लसी टोचण्यात गेलेली. वैनगंगेची मासोळी म्हणजे तिच्या लेखी झणझणीत रस्सा. त्या मासोळीला ताण येतो म्हणून कोणी युनिव्हर्सिटीत प्रयोगशाळा उघडतं, हे तिला पटायचं नाही.

पण उपासनाचं काम खरोखर तेच होतं. मासा हाताळला, उन्हात ठेवला, थोड्या पाण्यात कोंडला की त्याच्या रक्तात काय बदल होतात, हे ती पाच वर्षं टाक्यांमध्ये बघत होती. तिचे दोन पेपर छापून आले होते. ते किती जणांनी वाचले असतील याची तिला शंकाच होती.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, वसंतात रॉय व्हॅन्डरमोलेन तिच्या ऑफिसात आला. मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, धिप्पाड, लाजरा माणूस. तासाभराच्या अंतरावर एक लेक, म्हणजे मोठं तळं होतं, तिथल्या बास नावाचे मासे पकडणाऱ्यांच्या क्लबाचा तो अध्यक्ष. दर जुलैत त्यांची स्पर्धा असे. बास पकडायचे, बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे, काठावर आणून तोलायचे आणि परत पाण्यात सोडायचे. ज्याच्या माशांचं वजन जास्त, तो जिंकला. खायचा कोणीच नाही. मागच्या जुलैत सगळे मासे सोडल्यावर पोहत गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आठवडाभर लेककाठच्या घरांसमोर मेलेले बास तरंगत येत राहिले. पोरांनी पोहणं बंद केलं, वास सुटला. काठावरच्या रहिवाशांनी क्लबाला सांगून टाकलं की हा जुलै शेवटची संधी, नाहीतर उन्हाळ्यातल्या स्पर्धा बंद.

"पण ते पोहत गेले होते," रॉय म्हणाला. "मी स्वतः पाहिलं."

"पोहत गेले म्हणजे वाचले असं नाही," उपासना म्हणाली. "तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यात टाकीत कोंडलेला मासा आतून खचतो. तो मरतो नंतर, कोणी बघत नसताना."

तिने काय काय करायला हवं ते सांगितलं. स्पर्धा उजाडताच सुरू करायची आणि ऊन चढायच्या आत संपवायची. प्रत्येकाने पाचऐवजी तीनच मासे ठेवायचे. टाकीत बर्फाच्या बंद बाटल्या सोडून पाणी लेकपेक्षा थोडं गार ठेवायचं, फार गार नाही. पाण्यात थोडं मीठ घालायचं. हात ओले केल्याशिवाय माशाला लावायचा नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर गेला की त्याला रोग धरतो. आणि टाकीत हवा मारणारा पंप दिवसभर चालू ठेवायचा. या शेवटच्या गोष्टीला रॉयने तोंड वाकडं केलं. बॅटरी वाचवायला तो नेहमी मधून मधूनच पंप लावायचा, आणि त्याचं कधी अडलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला.

तो गेल्यावर उपासनाला भीती वाटायला लागली. प्रयोगशाळेत चुकलं तर प्रयोग पुन्हा करता येतो. इथे चुकलं असतं तर सगळ्या लेकने बघितलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी तिने आईला सोबत नेलं. सकाळीच हवा जड होती, वारा नावाला नव्हता. काठावर तंबू ठोकला होता. त्यात वजनकाटा आणि दमलेल्या माशांसाठी मोठी टाकी होती. त्या टाकीत नळीतून हवेचे बुडबुडे सोडले होते. गिरजाबाई सुती पातळावर क्लबाची टोपी घालून खुर्चीवर बसली आणि इकडेतिकडे बघत राहिली. बोटींवरचे दणकट पुरुष एकेक करून उपासनाकडे येत होते, प्रश्न विचारत होते, ती सांगेल तसं करत होते. एकाने बर्फ जास्त घातला होता, त्याला तिने अर्ध्या बाटल्या काढायला लावल्या. त्याने निमूटपणे काढल्या. गिरजाबाईने हे सगळं पाहिलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

दहाच्या सुमारास बोटी परतायला लागल्या. पिशव्यांमध्ये पाणी भरून मासे तंबूत येत होते. हिरवट पाठीचे, रुंद तोंडाचे बास, कल्ले शांतपणे हलवणारे. पिशवी काट्यावर जाऊन मासा परत पाण्यात पडेपर्यंत उपासनाचा जीव टांगणीला लागत होता. पण मासे ठणठणीत होते. हळूहळू तिचे खांदे सैलावले.

रॉय सगळ्यात शेवटी आला. त्याच्या पिशवीत त्या दिवसाचा सगळ्यात मोठा बास होता, आणि तो एका कुशीवर कलंडलेला होता. कल्ले मध्येच हलत, मध्येच थांबत.

रॉय हळू आवाजात म्हणाला, "बॅटरी उतरत होती. मोटर चालू राहावी म्हणून थोडा वेळ पंप बंद केला. थोडाच वेळ, असं वाटलं मला."

उपासनाला राग आला होता, पण बोलायला वेळ नव्हता. तिने मासा तोललाच नाही, सरळ टाकीत घेतला. तो पोट वर करून उलटायला लागला. तेवढ्यात शेजारून दोन ओले हात टाकीत गेले. गिरजाबाईने पातळाचा पदर खोचला होता. माशाच्या पोटाखाली अलगद तळवे धरून तिने त्याला सरळ केलं, तोंड बुडबुड्यांकडे केलं.

"श्वास चालू आहे ना गं?" तिने विचारलं.

"आहे, पण खूप कमी."

"मग थांबायचं. तू जा, तुझी बाकीची कामं कर. मी बसते."

ती बसली. कंबर वाकवून, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, खालच्या आवाजात माशाशी काहीतरी बोलत ती कितीतरी वेळ बसली. रॉय टाकीच्या पलीकडे गुडघ्यांवर टेकला. बर्फ लागला तर तो आणून देत होता, पाणी लागलं तर पाणी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. शेवटी त्याने उपासनाला विचारलं की तुझी आई काय म्हणतेय.

उपासनाने कान दिला आणि तिला थोडं हसू आलं. "जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळांना ती हेच म्हणायची. घे रे बापा श्वास, सगळे तुझी वाट बघताहेत."

रॉयने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

बऱ्याच वेळाने माशाने शेपटी मारली. गिरजाबाईच्या तोंडावर पाणी उडालं. हात काढल्यावरही तो सरळ राहिला. तेव्हा रॉय उठला, माइकपाशी गेला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी पंप बंद केला होता, माझा एकही मासा मोजू नका. मग तो तंबू आवरायला लागला.

मासे लगेच सोडले नाहीत. उपासनाच्या सांगण्यावरून लेकच्या खोल, गार भागात जाळ्याचा मोठा पिंजरा बांधला होता. पुढचे काही दिवस सगळे मासे तिथेच राहणार होते, म्हणजे कोण जगलं आणि कोण गेलं ते डोळ्यांनी दिसणार होतं. रॉयच्या बासच्या पराचं टोक तिने खुणेसाठी किंचित कापलं.

त्यानंतर रोज सकाळी गिरजाबाई चहाआधीच तयार होऊन बसायची. लेकवर रॉय बोट घेऊन थांबलेला असायचा. एके दिवशी पिंजऱ्यात एक बास मेलेला निघाला, पुढे आणखी एक. दोन्ही वेळा गिरजाबाईने आधी परावरची खूण शोधली. ती नव्हती. रॉयचा बास मात्र तळाशीच पडून असायचा, जागचा हलत नसायचा. उपासना आईला म्हणाली की त्याचं काही सांगता येत नाही, आशा धरू नकोस.

"मी आशा नाही धरत," गिरजाबाई म्हणाली. "मी फक्त बघायला येते."

पिंजरा उघडायच्या दिवशी लेककाठचे रहिवासी आपापल्या बोटी घेऊन आले. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त चिडलेली एक म्हातारी बाई अगदी पुढे होती. उपासनाने जाळं वर घ्यायला सांगितलं. पाण्यात एकदम खळबळ उडाली. हिरव्या पाठी, पांढरी पोटं, शेपट्यांचे फटके. त्या दोन मेलेल्यांखेरीज सगळे जिवंत होते. त्यांच्यात पराचं टोक कापलेला तो मोठा बासही होता, आणि त्याला धरायला दोन माणसं लागली.

जाळ्याची एक बाजू खाली सोडली. मासे क्षणभर तिथेच घुटमळले, मग एकेक करून अंधाऱ्या पाण्यात गेले. चिडलेल्या बाईने उपासनाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, पाणी किती गार ठेवलं, मीठ कशासाठी. सगळं ऐकून ती म्हणाली की असंच करणार असाल तर पुढच्या जुलैलाही या. क्लबाचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. उपासना बोटीच्या कडेवर बसून राहिली. हातांना माशांचा वास येत होता, ऊन पाठीवर चढत होतं, आणि इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

काठावर परतल्यावर रॉय तिच्याजवळ आला. तो म्हणाला, आजपासून माझ्या बोटीत दोन बॅटऱ्या. मग जरा अडखळत त्याने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या आईंना लेकभोवती एक फेरी मारून आणू का? जोरात?"

उपासनाने आईला विचारलं. तिला वाटलं, आई घाबरेल, नको म्हणेल. गिरजाबाईने रॉयकडे पाहिलं, मग त्याच्या त्या लांबलचक, चकचकीत बोटीकडे.

"जोरात म्हणजे किती जोरात?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लाइफ जॅकेटसाठी हात पुढे केले.

पातळावर नारिंगी जॅकेट चढवून ती रॉयच्या शेजारी बसली. एका हाताने पदर गच्च धरला, दुसऱ्या हाताने कडेची दांडी. बोटीने नाक उचललं आणि ती लेकच्या मधोमध सुसाट निघाली. उपासनाला काठापर्यंत आईचं हसणं ऐकू येत होतं.