बांधाकडची पिवळी पट्टी

उमापूरच्या शिवारात दोन सख्ख्या जावांची रानं एकाच बांधाला टेकलेली होती, आणि त्या बांधावरच्या गवताखेरीज दोघींमध्ये काही धड उगवत नव्हतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत सासू-सासरे एकापाठोपाठ गेले, वाटणी झाली, आणि थोरल्या केशरबाईच्या वाट्याला जुन्या भट्टीची जागा आली. तिथं आज्जासासऱ्यांच्या काळी बाभळीचे कोळसे पाडायचे. त्या तुकड्यातली ज्वारी आजूबाजूच्या ज्वारीपेक्षा हातभर उंच व्हायची.

धाकटी छबुबाई बांधावर उभी राहून ती कणसं बघायची. एकदा केशरबाईनं तिला पकडलंच.

"काय बघती गं छबे? नजर लावून कनसं तुज्या रानात यायची न्हाईत."

"मी बघीन न्हाई तर डोळे फोडून घीन. बांध दोघींचा हाय."

"बांध दोघींचा, पर नशीब ज्याचं त्याचं. कोळसा उगाळावा तितका काळाच, तसं तुजं मन."

कोळसा म्हणताच छबुबाईच्या डोक्यात काहीतरी पेटलं. केशरबाईचा नवरा बबनराव अजूनही माळावर लोहारांसाठी भट्टी लावायचा. चांगले कोळसे पोत्यात जायचे आणि खाली उरलेला अर्धवट जळका चुरा तिथंच ढिगानं पडून राहायचा. जुन्या भट्टीची माती काळी आहे म्हणून तिथं पीक येतं, मग काळं आपणही घालावं. हा तिचा हिशोब. त्या जागेवर दर उन्हाळ्यात धनगर मेंढरं बसवतात, हे तिनं लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. पण मेंढरं कुठंही बसतात. तिला दिसला तो फक्त काळा रंग.

आषाढात, भट्टी बंद असताना, तिनं टोपलीनं चुरा चोरला. पायवाट बांधाच्या कडेनं होती, त्यामुळे टोपल्या बांधालगतच रिकाम्या झाल्या. कुळवाची पाळी घातली आणि चुरा रानात मिसळून गेला. तिचा नवरा उत्तरेश्वर बैलांच्या मागं होता. त्यालाही कळलं नाही, कारण आपण काय तुडवतोय हे पाहायची त्याला सवय नव्हती. पुढे पेरणीपर्यंत बैल त्याच पट्टीतल्या बाभळीखाली दावणीला असायचे.

रब्बीची ज्वारी पेरली. गुडघ्याएवढी झाली आणि बांधाच्या कडेनं पिवळी पडली. सगळं रान हिरवं, आणि केशरबाईकडची पट्टी तेवढी कावीळ झाल्यासारखी.

मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. शेणमूत कुजवून त्यातलं नत्र पिकाच्या तोंडी लावणं हे त्यांचंच काम. पण अर्धवट जळकं लाकूड मिळालं की ते त्याच्यावर तुटून पडतात, भराभर वाढतात आणि जमिनीतलं नत्र आधी स्वतःच खाऊन घेतात. उरलंसुरलं ताज्या कोळशाच्या छिद्रांत अडकतं. पीक भरल्या रानात उपाशी राहतं. हे सांगणारं त्या काळी गावात कुणी नव्हतं. छबुबाईला तर एकच गोष्ट दिसत होती: पिवळेपणा केशरबाईच्या बांधापासून सुरू झाला होता.

"करणी केली हिनं!" ती पाणवठ्यावर ओरडली, आणि त्या वेळी तिला ते मनापासून खरं वाटत होतं.

केशरबाईला मूलबाळ नव्हतं. जीभ तिखट होती. तिचे टोमणे न खाल्लेली एकही बाई पाणवठ्यावर नव्हती. गावाला एवढं पुरलं.

विठ्ठलराव पाटलांनी पंच जमवले आणि दोघींना चावडीवर बोलावलं.

"मी करणी केली म्हनं!" केशरबाईनं पदर खोचला. "आवं पाटील, माज्या नजरंनं पिवळं पडत आसतं तर आदी हिचं तोंड पडलं आसतं. रोज बघतीय मी ते!"

दोघे-चौघे हसले. पाटील हसले नाहीत.

"मंग पट्टी तुज्याच बांधापासून कावून सुरू व्हती?"

"ते तिला इचारा. आन हितं बसून कावून इचारता? सकाळी समदे रानात चला. माजा दोष दिसला तर मी गाव सोडते. न्हाई दिसला तर हिनं माज्या पायावर डोकं ठिवायचं."

"ठरलं," पाटील म्हणाले. "सकाळी बघू."

दिवस मावळायच्या आत छबुबाई रानात गेली. लिंबू, बिब्बा, काळी बाहुली, काहीतरी पुरलेलं सापडेल म्हणून पट्टी पायाखाली घातली. बाभळीपाशी आली आणि थांबली.

पिवळ्या पट्टीच्या मधोमध, बाभळीच्या बुडाला, खाटेएवढा चौकोन हिरवागार होता. काळपट हिरवा, रुंद पानांचा, थेट जुन्या भट्टीवरच्या ज्वारीसारखा.

तिनं माती उकरली. कोळसा निघाला. पलीकडे पिवळ्यात उकरली. तिथंही तोच कोळसा. फरक एवढाच की इथं बैल बांधले होते आणि तिथं नव्हते. मग जुन्या भट्टीवर बसलेली मेंढरं तिच्या डोळ्यांपुढे आली. हातातला कोळशाचा खडा तिनं परत मातीत दाबला.

करणी नव्हती. तिनंच चोरून आणलेला चुरा तिचं पीक खात होता. हा चौकोन पंचांना दिसला की कुणीतरी माती उकरणार, आणि कोळसा कुठून आला हे विचारणार. केशरबाईच्या पायावर डोकं. तेही चोर म्हणून.

बांधापलीकडून केशरबाईचा आवाज आला. "काय शोधती गं? उद्या डोकं ठिवायला जागा बघती का?"

छबुबाई पट्टीतच वाकून राहिली. पलीकडची पावलं लांब गेल्यावर तिनं हिरवी ताटं एकेक करून मुळासकट उपटली, पेंढी बांधली आणि घरी नेऊन बैलांपुढे टाकली. बैलांनी आवडीनं खाल्ली.

सकाळी पाटील आणि पंच आले. बाभळीखाली रिकामी जागा होती. बैलांनी तुडवलं, असं छबुबाईनं सांगितलं. केशरबाईबरोबर आलेला बबनराव खाली वाकला. कोळसे पाडण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं ढेकूळ फोडलं, बोटांत काहीतरी चुरडलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि मग छबुबाईकडे बघितलं.

तिनं पदर कपाळावर ओढला.

बबनरावानं बोट धोतराला पुसलं. "मातीत काय न्हाई, पाटील," तो म्हणाला. "माती चांगली हाय."

केशरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दुसरी करायला केव्हाचा निमित्त शोधतोय, हे गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या जिभेवर आलेलं काहीतरी तिथंच विरलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प बसली, आणि पंचांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला.

दुपारी ती दिंद्रुडला भावाकडे निघाली. गाडीत बसताना छबुबाईला म्हणाली, "तुजं रान हिरवं हुईल गं. पर तू कवा हिरवी व्हनार न्हाईस."

पुढच्या हंगामात तसंच झालं. मातीतल्या जीवांची भूक भागली, त्यांतले बरेच मेले, कुजले आणि खाल्लेलं नत्र परत देऊ लागले. कोळसाही वर्षभर पट्टीत पडलेल्या शेणामुतानं भरला होता. पिवळी पट्टी रानात सगळ्यात उंच झाली. लोक मुद्दाम बघायला येत.

"बघा, केशर गेली आन करणी उतरली," ते म्हणत. ज्यांच्या मनात थोडी शंका होती, त्यांची आता फिटली.

बबनरावाची नवी बायको वच्छलाबाई एकदा बांधावर येऊन उभी राहिली. कणसांकडे एकटक बघत होती.

"जाऊबाई, लई जोरात हाय तुमचं. काय घालता वं रानात?"

"काय न्हाई."

"थोरल्या बाई करणी करायच्या म्हनं. खरं?"

छबुबाईनं तिच्याकडे बघितलं. "खरं," ती म्हणाली. "आन तू पन माज्या पिकाकडं आसं टक लावून बघू नगंस. लोक नावं ठिवत्यात."

वच्छलाबाईचा चेहरा उतरला. ती मागं सरली आणि घाईघाईनं वाटेला लागली.

दरसाल पेरणीच्या आधी छबुबाई बैलांची दावण थोडी थोडी पुढे सरकवत राहिली. उत्तरेश्वर विचारायचा, कावून? जागा बदलली की बैलांना बरं वाटतं, असं ती सांगायची.