एका झडपेचं दार
गवंड्याने डांबरी पट्टी जोत्यावर अंथरली आणि तळहाताने दाबून सपाट केली.

"खालची ओल इथेच अडली पाहिजे," तो म्हणाला. "जुनी भिंत नव्या विटांना भिडते तिथेही उभी पट्टी लावतो. नाहीतर जुनीची ओल नवीत शिरलीच म्हणून समजा."

"लावा, लावा. कंजूषपणा नको," आक्काचा धाकटा भाऊ म्हणाला.

आक्का अंगणात चाकाच्या खुर्चीत बसून बघत होती. सकाळी धूळ नको म्हणून धाकट्यानेच तिला बाहेर ढकलत आणलं होतं. मागच्या महिन्यात रस्त्याच्या उतारावर खुर्ची घसरली, तिचं कोपर सोलवटलं, आणि तेव्हापासून या भावाच्या डोक्यात दार घुसलं होतं. दोन झडपांचं काढून एका झडपेचं करायचं. वारा येतो, ओल येते, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. आक्का काय कुक्कुलं बाळ होती? खुर्ची दाराबाहेर पडू नये म्हणून हा खटाटोप, हे तिला कळत होतं.

कोपऱ्यावरच्या शिंपिणीकडे ती रोज जायची. काजं करायची, बटणं लावायची, पोट दुखेपर्यंत हसायची. ते आता संपणार होतं.

"अरे, मला एकदा विचारायचंस तरी," ती परवा म्हणाली होती.

"तुझ्याच भल्यासाठी करतोय ना आक्का? तुला काही झालं तर मी कोणाकडे बघू?"

 माया खरी होती, तीच तर पंचाईत.

विटा चढत गेल्या. गवंडी ओळंबा सोडायचा, डोळा बारीक करायचा, पुन्हा थापी मारायचा. दारातून दिसणारी आतली खिडकी आधी अर्धी दिसेनाशी झाली, मग पूर्ण.  दुपारचा चहासुद्धा तिने अंगणातच मागवला.

उन्हं कलली तेव्हा शेवटची वीट बसली.

"झकास! चल आक्का, आत," म्हणत धाकट्याने खुर्ची वळवली आणि दारात नेली. चाकं दोन्हीकडून अडली. त्याने तिरकी करून पाहिली. नाही. मागच्या दाराला तर पायऱ्याच होत्या, आणि खुर्ची जुन्या लोखंडाची, न मिटणारी.

"मी तुला उचलून नेतो," तो घाईने म्हणाला.

"ने की. आणि खुर्ची?"

त्याने पुन्हा अडलेल्या चाकांकडे पाहिलं.

"न्हाणीत उचलशील, ओट्याशी उचलशील. तू कामावर गेलास की मी जमिनीवर सरपटेन. ओल नसली म्हणजे झालं."

गवंडी हातावरचं सिमेंट खरवडत खाली बघत राहिला. धाकटा उरलेल्या विटांवर मटकन बसला. खुर्ची आतून बाहेर जाऊ नये एवढंच त्याने मोजलं होतं, बाहेरून आत कशी येईल ते नाही.

"तुला सकाळीच माहीत होतं?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळी तू मला बाहेर आणलंस. म्हटलं, बसावं."

तो उठून गवंड्याकडे वळला.

"हे निघेल का हो?"

"ओलं आहे तोवर निघेल. मधे पट्टी आहे, जुन्या भिंतीला काही चिकटलेलं नाही."

धाकट्याने बाह्या दुमडल्या आणि वरची वीट दोन्ही हातांनी हलवली. ती सुटून आली.

आक्काने खुर्चीचा ब्रेक काढला.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "तोवर मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येते."