गुणबाबांचा अचूक आकडा

सभागृहात मुंगी शिरायला वाव नव्हता. मंचावर गुणबाबा डोळे मिटून बसले होते. मुलाने पहिल्या प्रवेश परीक्षेचे गुण सांगायचे, की बाबा दुसरीचे गुण कागद न पाहता सांगत. आकडा तंतोतंत जुळे आणि टाळ्या कडाडत.

टाळ्या थांबल्या की बाबांचा आवाज खाली येई. "गुण म्हणजे निर्गुणाची पायरी, बाळा. तू पायरी उतरलास. मिळालेली जागा सोड. यंदा प्रवेश घेतलास तर बुडशील."

माझ्या भाचीला, ठमीला, त्यांनी हेच सांगितलं होतं. पहिल्या परीक्षेत दोनशे बारा, दुसरीत एकशे अठरा. दुसरीवरच तिला हवं ते कॉलेज मिळालं होतं. जागा पक्की करायची मुदत आज दुपारी चारपर्यंत होती, आणि पोरीने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

"आत्या, मी बुडणार गं," एवढंच ती म्हणे.

माझा दादा, म्हणजे ठमीचा बाप, म्हणाला, "ज्याला आकडा दिसतो, त्याला पुढचंही दिसत असेल."

मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. आधी काय काय घडलं ते विचारायची सवयच लागली आहे. "ठमे, दारात तुला काय विचारलं?"

"चिठ्ठी भरून घेतली. नाव, दोन्ही परीक्षांचे बैठक क्रमांक, जन्मतारीख. शुभवेळ काढायला."

"शुभवेळेला बैठक क्रमांक कशाला गं?"

ठमीने दादाकडे पाहिलं.

मी दादाला आणि ठमीला घेऊन सभागृहात गेले. चिठ्ठीवर नाव ठमीचं लिहिलं. दुसऱ्या परीक्षेचा बैठक क्रमांक आणि जन्मतारीख मात्र आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीची, तिला विचारूनच. माझी पाळी आली.

"भाचीला पहिलीत दोनशे बारा आहेत, बाबा."

बाबांनी कानावरचे केस सारखे केले. "दुसरीत... एकशे एकोणनव्वद!"

टाळ्या पडल्या. मी ठमीचा निकाल उंच धरला. "एकशे अठरा. तुम्ही सांगितलेत ते डॉक्टरीणबाईंच्या मुलीचे!"

मंचामागचा पडदा दादानेच ओढला. आत एक माणूस लॅपटॉपवर निकालाचं पान उघडून, बाबांच्या कानातल्या यंत्राशी जोडलेला माइक तोंडाशी धरून बसला होता. घाईत त्याने पानावरचं नाव पाहिलंच नव्हतं. शेजारी पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांसाठीच्या वर्षभराच्या शिकवणीच्या अर्जांचा गठ्ठा होता. जागा सोडणाऱ्यांना त्यातला अर्ज तिथेच मिळे.

"पण गुण घसरले ते खरंच ना?" कोणीतरी ओरडलं.

"तोच ताप फॅरेनहाइटमध्ये एकशे चार, सेल्सिअसमध्ये चाळीस," मी म्हटलं. "म्हणून अंग गार पडलं का? पहिला पेपर सोपा होता, निम्मी मुलं ठमीच्या पुढे आहेत. दुसरा अवघड, तिथे शंभरात नव्वद तिच्या मागे. नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. पेपर किती अवघड, कितीतले गुण, बसलेली मुलं कोण, हे आधी विचारा."

चार वाजायला वीस मिनिटं असताना ठमीने जागा पक्की केली.

पायऱ्यांवर एक बाई फोन कानाला लावून उभी होती. तिच्या मुलाने सकाळीच जागा सोडली होती. पलीकडून उत्तर आलं, जागा दुसऱ्याला दिली गेली. तिने माझा हात घट्ट धरला. "आता काय करू हो?"

म्हणूनच हे लिहिते आहे. कोणी तुमच्या मनातला आकडा अचूक सांगितला, तर हात जोडण्याआधी आठवा, तो आपणच त्याला कुठे दिला होता.