अर्धा फूट

निटुरे साहेबांनी टेप मागितला, तेव्हा बसवंतने तो खिशातून जरा उशिरानेच काढला.

"कालचाच एखादा खड्डा द्या यांना," साहेब म्हणाले. "मोजू द्या, हिशेब करू द्या. तुमच्या मापपुस्तकाशी ताळा पाहतो. फळ्यावरची घोकलेली उदाहरणं मला नकोत."

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष चालू होतं, आणि पावसाने तोंड फिरवल्यालाही दुसरंच. उदगीरच्या बाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. प्रौढ शिक्षणाचे निटुरे साहेब परीक्षा घ्यायला आले होते आणि पत्र्याच्या छपरीत खुर्ची टाकून घाम पुसत बसले होते. समोर अकरा मजूर बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत गेले आठ महिने महानंदा त्यांना इथेच गुणाकार, मापं आणि रोजचा हिशेब शिकवत होती. महानंदा बी.कॉम. झालेली. कामावरचा मुकादम बसवंत हा तिचा नवरा.

दहा बायका पास झाल्या, तर लातूरच्या नव्या केंद्रात तिला शिक्षिकेची जागा मिळणार होती, राहायच्या खोलीसकट. 'दहा पास करून दाखव, मग खुशाल जा,' असा शब्द बसवंतने मठात अय्यास्वामींसमोर दिला होता. शब्द देताना तो हसत होता. अंगठा उठवणाऱ्या बायका घनफळ काढतील यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. महानंदाला मात्र त्या खोलीची स्वप्नं पडू लागली होती. तिचं शिकवण्याचं मानधन सासऱ्यांच्या हातात, जाणं-येणं बसवंतच्या मोटारसायकलवर, माहेरचं पत्र आधी त्याने फोडायचं. त्या घरात तिचा जीव गुदमरत होता.

बायका टेप घेऊन उन्हात गेल्या. महानंदा छपरीच्या खांबाला धरून उभी राहिली.

खड्डा दहा फूट लांब, दहा फूट रुंद. खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवतात. मूळ जमीन कुठवर होती ते त्यावरून कळतं, आणि खोली त्यावरूनच मोजायची. खोली अडीच फूट होती. पण 'वरची माती पोकळ हाय,' म्हणत बसवंत प्रत्येक खुंटामागे अर्धा फूट कापायचा. मजुरी घनफुटावर. कापलेला अर्धा फूट कामावर कधीच न आलेल्या माणसांच्या नावावर चढायचा.

बायकांना हे कळलं ते महानंदानेच घनफळ शिकवलं त्या दिवशी. गुरम्माने अडीचशेचा आकडा काढून विचारलं होतं, "मंग पुस्तकात दोनशे कसं हो, बाई?" महानंदा "उद्या बघू," म्हणाली आणि तिने फळा पुसला. रात्री घरी विचारलं, तर बसवंत जेवता जेवता म्हणाला, "नवऱ्याचं माप काढायलीस का आता?" तो उद्या काही उगवला नाही. त्याची तिला लाज वाटत होती, पण लातूर जवळ आलं होतं आणि ती गप्प राहिली होती.

आता अडीचशे लिहिलं की पुस्तकाशी जुळणार नाही. न जुळलं की बायका नापास, नाहीतर नवरा चोर. साहेबांनी फळ्यावर गणित घातलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात येत राहिलं.

बायका परतल्या. खाली माना घालून त्यांनी पाट्या भरल्या. पहिली पाटी गुरम्माची. दोनशे. पंचशीलाची दोनशे. मल्लम्माची दोनशे. प्रत्येक पाटीवर खोली दोन फूटच लिहिली होती. साहेब मापपुस्तकात बघून बरोबरची खूण करत होते आणि बसवंतच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या.

महानंदाने गुरम्माकडे पाहिलं. गुरम्मा जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "पुस्तकाशी जुळवलंय, बाई. समद्यांला सांगून ठिवलंय. तुमी जावा लातूरला."

दहा जणींनी आपल्या घामाचा अर्धा फूट महानंदासाठी सोडून दिला होता. तेवढ्यात साहेबांनी दहावी खूण केली. "झाल्या दहा. अभिनंदन, बाई. ऑर्डर येईल पंधरवड्यात."

अकरावी पाटी साखराबाईची. साठीची बाई, कानाने जड. गुरम्माने सगळ्यांना सांगितलं तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. गुणाकाराशी सहा महिने झटापट करूनही दर वेळी एखादं शून्य विसरायची, आणि बाकीच्या हसल्या की आपणही हसायची. आज तिने खोली स्वतः दोनदा मोजली होती. पाटीवर वाकड्या, मोठ्या आकड्यांत अडीचशे होते. अडीचने शंभराला गुणलेलं खाली मांडलेलंही दिसत होतं. शून्यं वगैरे सगळं जागच्या जागी.

साहेबांनी पुस्तक पाहिलं आणि पाटीवर खडूने फुली मारली. "असू द्या आजी. दहा झाल्यात, तुमचं अडत नाही."

साखराबाईने फुलीकडे पाहिलं. मग पाटी छातीशी धरून ती महानंदासमोर आली.

"बाई, माजं चुकलं?"

गुरम्मा नकारार्थी मान हलवत महानंदाकडे बघत होती. बसवंत मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत होता, ती थांबली. एक 'हो' म्हटलं की संपत होतं. साखराबाईनेही ते मुकाट्याने मानलं असतं आणि पुन्हा कधी पाटी हातात धरली नसती.

"न्हाई, साखराबाई," महानंदा तिच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "तुमचं बरोबर हाय."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग या बाकीच्या दहा?"

महानंदाने बसवंतकडे पाहिलं नाही. तिने साहेबांच्या समोरची यादी आपल्याकडे वळवून घेतली.

"त्या नापास धरा, साहेब," ती म्हणाली. "दहाच्या दहा."