काटेवालीची छू

"काही करत नाहीत हो ती!" भंगाराच्या वखारीतून आवाज आला.

तोवर त्या दोन्ही काळ्या कुत्र्यांनी रस्ता ओलांडलासुद्धा होता. काटेवालीने आपलं कुत्र्याचं पिल्लू उचलून छातीशी धरलं, पाठ भिंतीला लावली आणि हातातली पिशवी समोर फिरवली. एक कुत्रं तिच्या गुडघ्यापाशी येऊन दात विचकत थांबलं. दुसऱ्याने उडी मारून पिल्लाच्या लोंबत्या पायाला तोंड घातलं. पिल्लू किंचाळलं. मग आतून "बस!" अशी हाक आली आणि दोन्ही कुत्री, आपला काही संबंधच नसल्याच्या थाटात, परत फाटकाशी जाऊन पडली.

"काही करत नाहीत?" ती ओरडली. "मग हे रक्त काय मी काढलं?"

वखारवाला हातातला पाना पुसत फाटकात आला. त्याने पिल्लाच्या पायाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "सांगितल्याशिवाय ती कुणाच्या अंगावर जात नाहीत, ताई," तो म्हणाला. त्या 'ताई'त मायेचा लवलेश नव्हता.

सांगितल्याशिवाय जात नाहीत. म्हणजे सांगणारा कोणीतरी आहे. काटेवाली ते वाक्य घोळवतच घरी गेली.

तिला काटेवाली म्हणत ते दोन्ही अर्थांनी. नोकरी वजनकाट्यावर आणि जीभही काटेरी. भरलेली गाडी आधी काट्यावर येते, माल उतरवून रिकामी परत येते, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे माल. हिशेब इतका सरळ. पण तो वाकडा करण्यासाठी माणसं किती डोकं चालवतात, ते तिला विचारावं. कुणी टाकीत पाणी भरून आणायचा आणि उतरवताना हळूच सोडून द्यायचा, कुणी मागचं चाक बरोबर काट्याच्या कडेवर टेकवायचा. त्या खिडकीत बसून केस पांढरे होईतो ती एक गोष्ट शिकली होती. जो फार गोड हसतो, त्याच्या गाडीखाली आधी वाकून बघायचं.

गेल्या वर्षी या वखारवाल्याची गाडी काट्यावर उभी होती आणि गाडीवरची ताडपत्री शिंकली. काटेवालीने ती स्वतः उचलली. खाली गंजक्या पत्र्यांत दोन कामगार गपगार आडवे पडले होते. "काय शेठ," तिने भर रांगेसमोर विचारलं, "माणसं काय भावाने देता?" गाडीवाल्यांना तो विनोद महिनाभर पुरला. वखारवाला तेवढा हसला नाही. त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं होतं आणि ती नजर तिच्या चांगली लक्षात होती.

म्हणून तिच्या लेखी मामला स्पष्ट होता. माणूस सूड उगवत होता, आणि तोही मुक्या पिल्लावर.

तरी तिने चौकशी केली. दूधवाला म्हणाला, "आम्हाला तर कधी नाही बुवा. उलट शेपूट हलवतात." वरच्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, "तुमचंच काहीतरी होतंय." एकदा ती मुद्दाम एकटी फाटकावरून गेली, तर कुत्र्यांनी एक डोळा उघडून मिटून घेतला. एकदा पिल्लाला पिशवीत घालून, ओठ आवळून गेली. तेव्हाही काही नाही. यावर तिने काय निष्कर्ष काढावा? तर, आपला संशय खोटा ठरावा म्हणून त्याने आज कुत्री मुद्दाम सोडली नाहीत! संशयाच्या पोटात काहीही पचतं.

दुसऱ्या वाटेने जावं तर गल्लीला दुसरं तोंड नव्हतं. आणि पिल्लाला बाहेर न्यायचंच नाही, हे तर शक्यच नव्हतं, कारण ते सगळं नवऱ्यासाठी चाललं होतं.

नवरा बसवर कंडक्टर होता आणि बोलायला लागला की स्टॉप मागे पडायचा. एका सकाळी जिना उतरताना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि ती सगळी बडबड गेली. पाय हळूहळू परत आला, बोलणं आलं नाही. कळायचं सगळं. तोंड उघडायचा, वाट बघायचा, आणि काही न येताच मिटायचा. जन्मभर त्याला "जरा गप्प बसा" म्हणणारी काटेवाली त्या मिटलेल्या तोंडाकडे बघून मोरीत जाऊन रडायची.

मग नणंदेने पिल्लू आणून दिलं. "वहिनी, दादाला तेवढीच सोबत." नाव छुटकी. काटेवालीने कपाळाला हात लावला, एकाचं करता करता पुरेवाट, त्यात ही आणखी एक. पण थोड्याच दिवसांत पिल्लू नवऱ्याची चप्पल तोंडात धरून पलंगाखाली पळालं आणि भाजी चिरता चिरता तिला बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं, "छू!"

ती सुरी घेऊन तशीच धावली. "काय म्हणालात? अहो, परत म्हणा."

"छू," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला.

बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई फार खूश झाली. "एक शब्द आला ना, आता त्याला जपा. रोज वापरू द्या, त्याच्या आधाराने दुसरे येतील. आणि पाय चालतोय तर बाहेर न्या त्यांना, माणसं दिसू देत." तेव्हापासून छुटकीची छू झाली. छू म्हणजे पाणी, छू म्हणजे पंखा लाव, छू म्हणजे दुखतंय, छू म्हणजे अगं, ऐकतेस का. काटेवालीला सुरावरून कळायचं. तो शब्द घरात सतत खेळता राहावा म्हणून तीही उठताबसता तोच म्हणायची. जिन्यात छू, रस्त्यात छू.

त्या दिवशी पायाला पट्टी बांधलेलं पिल्लू बघून त्याने विचारलं, "छू?"

"काही नाही, खरचटलंय."

त्याचा विश्वास बसला नाही. येत्या रविवारी तो स्वतः काठी घेऊन खाली उतरणार होता, तिने कबूल केलं होतं. अशा माणसाला त्या फाटकावरून न्यायचं? काटेवाली गुरुवारी कामावरून सुटली ती थेट वखारीत शिरली.

"शेठ, सरळ बोलते. काट्यावरचा राग काट्यावर काढा."

"कसला राग?"

"साळसूदपणा पुरे. उद्या तक्रार देणार आहे मी. पालिकेची गाडी येईल आणि दोन्ही कुत्री उचलून नेईल."

वखारवाल्याचा चेहरा खाडकन उतरला. "वाटलंच होतं मला. याच्यासाठीच चाललंय ना सगळं? रोज माझ्या फाटकाशी यायचं, कुत्री अंगावर घ्यायची आणि मग तक्रार ठोकायची."

"मी अंगावर घेते? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"ताडपत्रीखाली माणसं घातली, चुकलं माझं. चारचौघांत नाक कापलंत, तेही गिळलं. पण या मुक्या जनावरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"काय मारलंय? माझ्या छूचा पाय—"

वाक्य पुरं झालंच नाही. फाटकाशी पेंगणारी दोन्ही कुत्री ताडकन उठली आणि तिच्यावर आली. एकाने बाही धरली. वखारवाला मध्ये पडला, "बस! बस म्हणतो ना!" कुत्री बसली. बाहीचा तुकडा एकाच्या तोंडातच राहिला.

"बघा," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्या देखत सोडलीत."

"मी? मी काय केलं?"

"ताई, कुत्रं अंगावर सोडताना काय म्हणतात, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

काटेवाली जागच्या जागी उभी राहिली. तिने तो शब्द तोंडातल्या तोंडात फिरवला. लहानपणी भावाच्या अंगावर शेजारचं कुत्रं सोडताना ती स्वतः हेच ओरडली होती की! घरात आल्यापासून तो शब्द म्हणजे पाणी होता, पंखा होता, नवरा होता. त्याचा हा अर्थ ती साफ विसरली होती.

"अहो, नाव आहे ते," ती म्हणाली. "पिल्लाचं."

"असलं नाव ठेवतं का कोणी कुत्र्याला?" त्याच्या डोळ्यांत अजून खात्री नव्हती. कुठे काय दडवलंय ते शोधायची सवय त्यालाही होतीच.

"साखळी का नाही बांधत यांना?"

त्याने एका कुत्र्याच्या मानेवरचे केस बाजूला केले. खाली कातड्यावर एक जुना, गोल, केस न उगवलेला व्रण होता. "तार आवळलेली पिल्लं भंगाराच्या गाडीतून आली माझ्याकडे. गळ्याला दोरा लागला तरी बिथरतात. कोंडलं तर पत्रे फाडून बाहेर येतात. म्हातारी झालीत, आता नवं काही शिकायची नाहीत." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमचं पिल्लू आहे. नाव बदला, चार दिवसांत शिकेल."

"पिल्लू शिकेल हो."

"मग?"

तिला सांगायचं नव्हतं. या माणसाला तर मुळीच नव्हतं. पण सांगून झालं, झटका, कंडक्टरकी, चप्पल, येता रविवार, सगळं. वखारवाला खाली बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बघू." या 'बघू'चं वजन किती, ते तिला चांगलं माहीत होतं. काट्यावर शंभर जण म्हणायचे.

त्या संध्याकाळी ती नवऱ्यासमोर बसली. "अहो, आपण हिला मनी म्हणू या. म्हणा बरं, म... म..."

त्याने ओठ मिटले. जोर लावला, मानेची शीर फुगली. "छ..." आला, आणि तिचा चेहरा बघून तोही त्याने गिळला. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याकडे नुसतं बोट दाखवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. छूदेखील म्हणाला नाही. पिल्लू त्याच्या पायाशी येऊन बसायचं, वर बघायचं, आणि काटेवालीला आपली जीभ उपटून टाकावीशी वाटायची. होता तो एक शब्द, तोही तिने घालवला.

रविवारी तो गप्पच उतरला. काठी डाव्या हातात. पिल्लाचा पट्टा तिने आपल्या मनगटाला गुंडाळला होता आणि पिशवीत एक दांडका ठेवला होता. वखारवाल्याच्या 'बघू'वर ती एवढ्याच तयारीने विसंबली होती.

गल्लीत ऊन होतं. तो थांबत होता, दुकानांच्या पाट्या बघत होता. आणि वखार पाच-पंचवीस पावलांवर राहिली असताना कोपऱ्यावरून लाल बस वळली. त्याने काठीसकट हात वर केला आणि छाती भरून ओरडला, "छू! छूऽऽ!"

काटेवालीचा हात पिशवीत गेला. दोन दिवसांनी आलेल्या त्या शब्दाने तिचे डोळे भरून आले होते आणि त्याच शब्दाच्या भीतीने तिने दांडका मुठीत आवळला होता. तिने फाटकाकडे पाहिलं.

वखारवाला फाटकात जमिनीवर बसला होता. दोन्ही कुत्र्यांची डोकी त्याने मांडीत ओढून घेतली होती, प्रत्येकाचा एक कान पोटाशी दाबलेला आणि दुसऱ्यावर आपल्या हाताचा पंजा घट्ट. माल भरलेली एक गाडी बाहेर पडण्यासाठी त्याच्या पाठीशी हॉर्न वाजवत होती आणि ड्रायव्हर काहीबाही बोलत होता. तो हलत नव्हता.

नवरा त्याच्यासमोर थांबला. "छू," तो म्हणाला, ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं.

वखारवाल्याचे हात अडकलेले होते. त्याने मान वाकवली. काटेवालीने सवयीने आधी त्याची बोटं बघितली, कुठे फट आहे का ते. फट नव्हती. मग तिने नवऱ्याच्या दंडाखाली हात घातला आणि ते पुढे निघाले, सावकाश, कारण त्याला सावकाशच चालता येत होतं. मागे हॉर्न वाजत होता. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत वखारवाला तसाच बसून होता.