तांबेरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचे मनोगत

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कोलंबियाच्या डोंगरात, एलियेसेरकाकांच्या कॉफीच्या मळ्यात, गुडघाभर उंचीच्या खांबावर आकाशाकडे तोंड करून मी उभा असतो. त्यामुळे मला पानांची खालची बाजू दिसते. तांबेरा या पानांच्या रोगाचे पिवळे ठिपके तिथेच आधी उमटतात. ते ओळखून काकांच्या फोनवर निरोप धाडायचा, एवढेच मला शिकवलेले.

मी डोळ्यांत तेल घालून काम केले. निरोप गेला की काका त्याच दिवशी ती पाने खुडत, फवारणी करत. एरवी मी गप्प असे. "हा बोलला नाही ना, मग मळा ठणठणीत आहे," असे ते शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. मला त्या कौतुकाचा मोठा अभिमान होता.

आमच्या सहकारी संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेची तीन कामे काढली होती. एक मी, दुसरे बिया निवडणारे यंत्र आणि तिसरा सभासदांना फोनवर उत्तरे देणारा एक बोलघेवडा. कुणाचे मन दुखवायला नको म्हणून निधीचे दरवर्षी तीन सारखे वाटे होत. त्यात कुणाचेच भागत नव्हते. निवडणी यंत्र आठवड्यातून दोनदा बंद पडे आणि बोलघेवडा अर्ध्या वाक्यात अडके.

मग नुबियाबाई व्यवस्थापक झाल्या. त्या कॉफी चाखण्यात मुरलेल्या.

"कॉफी चाखताना आपण मळ्याचं नाव झाकतो ना? मग पैसे वाटताना नावं कशाला हवीत?" त्या म्हणाल्या. "तीन कप ठेवू. प्रत्येकाखाली वर्षभराच्या कामाची चिठ्ठी. ज्यात दम आहे, त्यालाच सगळा निधी."

विचार चांगला होता, मित्रांनो. पण चाखण्याचा एक रिवाज आहे. ज्याचा माल, त्याने दाराबाहेर थांबायचे. म्हणून एलियेसेरकाका बाहेर थांबले. आत काय झाले ते त्यांना फार उशिरा एका सभासदाकडून कळले आणि त्यांच्याकडून मला.

माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'तांबेऱ्याने नुकसान: शून्य.'

"शून्य? काहीच घडलं नाही, तर यानं वर्षभर केलं काय?" एक सभासद हसत म्हणाला.

"झोपा काढल्या असतील," दुसरा म्हणाला.

सगळा निधी निवडणी यंत्राला गेला. बोलघेवडा बंद झाला, तेव्हा त्याच्याशी बोलणाऱ्यांना लगेच कळले. माझी जोडणी कापली, ते कुणालाच कळले नाही. मी तर नेहमीच गप्प असे.

पावसाळी दिवसांत पहिला ठिपका उमटला. मी निरोप धाडला, तो कुठेच पोहोचला नाही. काका रोज सकाळी फोन पाहून खुशाल दुसऱ्या उतारावर तोडणीला जात. तीन आठवडे ठिपके वाढताना मी एकटा पाहत होतो. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

पाने गळू लागली, तेव्हा काका धावत आले. अर्धा मळा त्यांना बुंध्यापासून छाटावा लागला. तेव्हाच त्यांनी मला ती चाखण्याची हकिकत सांगितली. मग नुबियाबाई आल्या आणि माझ्यासमोर चिखलात बसल्या.

"चूक माझी आहे, काका. मी फक्त कपाखालची चिठ्ठी बघितली," त्या म्हणाल्या.

"बाई, पैसे दुसऱ्याला दिलेत, त्याचं मला काही नाही," काका म्हणाले. "मला एक फोन केला असता, तर मी रोज स्वतः पानं उलटून बघितली असती."

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कुठल्याशा संस्थेत निधी वाटाल. ज्याच्यामुळे काही वाईट घडले नाही, त्याच्या कामाची आधी नीट चौकशी करा. तरीही ते बंद करावे लागले तर खुशाल करा. फक्त त्याच्या भरवशावर जो निर्धास्त आहे, त्याला त्याच दिवशी सांगा. एलियेसेरकाकांना कुणीच सांगितले नाही आणि मला सांगता आले नाही.